वीस किलो उतरवायचे आहेत? आधी खान्देशाचं वर्ष मांडा

वजन कमी करायचा निश्चय आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच मुहूर्तांवर होतो. एक तर एक जानेवारीला, नाहीतर रक्ताचा रिपोर्ट हातात पडल्यावर. दोन्ही वेळा आकडा मोठा आणि मुदत छोटी असते: तीन महिन्यांत वीस किलो. आकड्याला माझी हरकत नाही. वीस किलो उतरतात, उतरवलेली माणसं जळगावात आणि धुळ्यातही भेटतात. गडबड मुदतीत असते. ही मुदत कॅलेंडरवरचे आठवडे मोजून ठरते आणि त्या आठवड्यांत आखाजी (अक्षय्य तृतीया) येते, लग्नं येतात, ४४-४५ अंशांचं ऊन येतं, शेतातल्या भरीत पार्ट्या येतात, हे कोणी धरतच नाही. मग पहिल्याच वरण-बट्टीच्या पंगतीला बेत मोडतो आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

म्हणून हा लेख उलट्या बाजूने सुरू करतो. आधी वर्ष, मग आकडा, मग ताट, मग चालणं. उदाहरणाला एक माणूस धरू: वय ३८, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ९२ किलो, काम दुकानात बसून. त्याला ७२ वर यायचं आहे.

सुरू करण्याआधी डॉक्टर

ही पायरी लोक गाळतात, म्हणून सर्वांत आधी. रक्तदाब, साखर (एचबीए१सी), थायरॉईड, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन एवढ्या तपासण्या करून घ्या. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही जेवण एकदम कमी केलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. औषधाचा डोस डॉक्टरांनी बदलायचा असतो, आपण नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच. वजन उतरलं की जुना डोस जास्त होऊन चक्कर येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा बेत पुढे ढकलावा.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्ण बरेच आहेत. घरात कोणाला असेल तर स्वतःची तपासणी करून घ्या. सिकलसेलमध्ये अति श्रम, ऊन आणि अंगातलं पाणी कमी होणं यांनी त्रास उसळतो, त्यामुळे व्यायाम किती करायचा हे डॉक्टरांनाच विचारायचं.

आपण नेमके कुठे आहोत

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. आपल्या उदाहरणातल्या माणसाचा तो ३२.६ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. जगाची मोजपट्टी २५ आणि ३० ची आहे, पण आपल्या लोकांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो.

त्याहून मला कंबरेचं माप जास्त भरवशाचं वाटतं. शिंप्याकडे असते ती टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध गुंडाळा, श्वास सोडून मोजा. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा. हातपाय बारीक आणि फक्त पोट सुटलेलं, असा माणूस वजनकाट्यावर सुटतो पण टेपवर सापडतो.

वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर करा. किराणा दुकानातला काटा, जिममधला काटा आणि कापसाच्या जिनिंगमधला काटा यांची आपापसांत तुलना करू नका. रोजचं वजन एक-दीड किलो वर-खाली होतं ते पाणी, मीठ आणि पोटातल्या अन्नामुळे. रात्री शेवभाजी खाल्ली की सकाळी काटा वर जाणारच; एका रात्रीत किलोभर चरबी चढत नसते. आठवड्याची सरासरी काढा आणि तीच लिहून ठेवा. बायकांनी पाळीच्या आसपासचं वजन मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी ताडून पाहावं.

वर्ष मांडा

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. वीस किलो म्हणजे १,५४,०००. तीन महिन्यांत हे करायचं तर रोज सतराशेची तूट लागेल. आपल्या माणसाचा दिवसाचा एकूण खर्चच अंदाजे २,५०० आहे. म्हणजे त्याने दिवसाला आठशेवर जगायचं. यातून केस गळतात, स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि शेवटी एके रात्री माणूस फ्रीज उघडतो.

रोज ५०० ते ६०० ची तूट मात्र झेपते. तेवढ्याने आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरतं. आता ते खान्देशाच्या वर्षावर पसरवू.

दिवाळीचा फराळ संपल्यापासून होळीपर्यंतचे सोळा-सतरा आठवडे हा आपला सुगीचा काळ. हवा थंड, पहाटे चालायला बरं वाटतं, मेथी-पालक-मुळा स्वस्त, वांगी-गाजर भरपूर. या काळात ८ ते ९ किलोचं लक्ष्य ठेवा.

होळीपासून मृगापर्यंत फक्त राखायचं. चैत्र, आखाजी, लग्नसराई, आमरस, सुट्टीत माहेरी आलेल्या लेकी, वर ऊन. या तीन महिन्यांत वजन जिथे आहे तिथेच राहिलं तर बेत शंभर टक्के पाळला असं समजा. राखणं हे या बेतातलं कामच आहे, सवलत नव्हे. उतरलेलं वजन शरीराच्या अंगवळणी पडायलाही हा काळ कामी येतो.

मृगापासून दिवाळीपर्यंत वीसेक आठवडे मिळतात, पण त्यात पोळा, श्रावण, कानबाईचे रोट (श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा प्रसाद), गणपती, नवरात्र. रोट तर घरातच संपवायचे असतात. इथे वेग मंद धरा: सहा-सात किलो. राहिलेले चार-पाच किलो दुसऱ्या हिवाळ्यात. म्हणजे एका दिवाळीपासून दुसऱ्या हिवाळ्यानंतरच्या होळीपर्यंत, सोळाएक महिने झाले. ऐकायला लांब वाटतं, पण गेली पाच वर्षं दर जानेवारीत तेच वीस किलो ठरवत असाल तर हा मार्ग जवळचा आहे.

तुम्ही हे जूनमध्ये वाचत असाल तर दिवाळीची वाट पाहत बसू नका, मंद टप्प्यापासून सुरू करा. एप्रिलमध्ये वाचत असाल तर पुढचे दोन महिने नुसतं राखायचा सराव करा. सुरुवात फक्त घरातल्या लग्नाच्या आठवड्यात करू नये.

आणि मोठ्या आकड्याच्या आत एक छोटा आकडा ठेवा: सुरुवातीच्या वजनाचे ५ टक्के. ९२ वाल्याला ते साडेचार किलो. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाबात फरक दिसू लागतो, रिपोर्टवर दिसतो. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर फुगून जाऊ नका, त्यात बहुतेक पाणी असतं.

तेलाचा डबा मोजा

आता ताटाकडे. पहिले दोन आठवडे काहीही कमी करू नका, फक्त लिहा. चहा किती, साखर किती, भाकरी किती, दुकानात बसल्या बसल्या शेंगदाणे आणि फुटाणे किती. अ‍ॅप वापरा किंवा वही. अ‍ॅपमध्ये कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी सापडणार नाही, तेव्हा वहीच बरी.

सगळं मोजायचा कंटाळा येत असेल तर एकच गोष्ट मोजा: महिन्याचं तेल. आपल्या स्वयंपाकातलं वजनाचं सर्वांत मोठं गुपित तिथे आहे. चार माणसांचं घर महिन्याला पाच लिटरचा डबा संपवत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल झालं, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे कॅलरी. तोच डबा तीन लिटरवर आणला तर माणशी रोज २३ ग्रॅम. भाकरीचा तुकडा कमी न करता रोज १३०-१४० कॅलरी वाचल्या, आणि घरातल्या सगळ्यांच्या वाचल्या. डब्यावर खुणा करा, कढईत ओतायचं बंद करून चमच्याने घाला. चहाचा छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, चाळीसेक कॅलरी.

रस्सा तर्रीशिवाय कसा, असं कोणी म्हणेल. काळा मसाला, भाजलेला कांदा-खोबरं आणि लसूण यांची चव तेलावर अवलंबून नाही. मसाला पाण्याचा हबका मारत परतता येतो. तरीही तर्री हवीच असेल तर ती ताटात वाढताना वरून काढून टाका. शेवभाजीत खरी मेख तर्रीपेक्षा शेवेची आहे. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेव, पावणेतीनशेच्या पुढे जाते. ढाब्यावर जाणार असाल तर शेव वेगळी मागवा, रस्सा आणि भाकरी खा, शेव वरून चवीपुरती भुरभुरा.

भरताचं प्रकरण मजेशीर आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि ते वांगं वाळलेल्या काटक्यांवर भाजलं की कॅलरीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी. नंतर त्यावर जी फोडणी पडते ती त्याला वजनदार करते, कारण भाजलेलं वांगं मिळेल तेवढं तेल पिऊन घेतं. घरी दोन माणसांच्या भरताला दोन चमचे तेल, कांद्याची पात सढळ, शेंगदाणे मोजून. आणि सोबत पुरीऐवजी कळण्याची भाकरी. शेतातल्या पार्टीत फोडणी आपल्या हातात नसते. तिथे भरीत एकदाच घ्यायचं आणि पुरी एक, मग भाकरी.

भाकरी सोडू नका

भाकरी-पोळी बंद करून वजन उतरवायचा सल्ला मोबाईलवर रोज येतो. इकडच्या माणसाला तो आठवडाभर झेपतो. भाकरी ठेवा, पीठ मोजा. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत दोनशेच्या थोड्या वर कॅलरी असतात. आपली जाड, ताटभर भाकरी शंभर ग्रॅमचीही असू शकते, म्हणून “दोनच भाकऱ्या खातो” याला अर्थ नाही. दिवसाला १८० ग्रॅम पीठ आपल्या उदाहरणातल्या माणसाला पुरे.

त्यात कळणं हे तर आयतं साधन आहे. ज्वारीत उडीद दळला की प्रथिनं वाढतात आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. वजन उतरताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. लक्ष्य वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅम धरा. ७२ किलोला ८५ ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

शाकाहारी घरात ८५ चा आकडा गाठणं कठीण वाटतं, पण बेरीज करून पाहा. १८० ग्रॅम कळण्याच्या पिठातून २२, दोन वाट्या घट्ट वरणातून (६० ग्रॅम डाळ) १४, मटकी-हरभऱ्याच्या उसळीतून ११, सोयाबीनच्या ३० ग्रॅम वड्यांतून १५, दूध-दही मिळून ३०० मिलिलिटरमधून १०. बहात्तर झाले. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचे १२ आले. नसतील तर थोडं पनीर किंवा आणखी एक वाटी वरण.

फुनके-कढी या बेतात अगदी चपखल बसते. भिजवलेली तुरीची डाळ भरड वाटून, कांदा-कोथिंबीर घालून वाफवायची, तळण नाहीच. फक्त वरून तेलाची धार सोडायची सवय मोडा. डुबुक वड्या, मुगाचे चिलके, पालेभाजीची डाळभाजी, सगळं चालतं. बट्टी मात्र वाफवून पुन्हा तळली जाते, त्यावर तूप, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. तिला महिन्यातून ठरवून एखादं जेवण द्या, आठवड्यातून नको.

केळ्याबद्दल दरवेळी विचारलं जातं. रावेर-यावलच्या माणसाने केळं सोडायचं म्हणजे काय! मध्यम केळ्यात शंभर-एकशे पाच कॅलरी. चालून आल्यावर एक खा, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून. घडातून येता-जाता तोडून खाणं आणि केळ्याचे वेफर्स, दोन्ही बंद.

उपवासाने वजन उतरतं हा समज साबुदाण्याच्या खिचडीने केव्हाच खोटा पाडलाय. एकादशीला भगर आणि ताक घ्या, शेंगदाण्याचा कूट चमच्याने मोजा.

पुरुषाने १,५०० आणि बाईने १,२०० कॅलरीच्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. आपल्या माणसाला १,९०० ते २,००० वर सुरुवात पुरते.

घरी आणि पंगतीत

भाकऱ्या थापणारी आई किंवा बायको असेल तर तिच्याशी आधी बोला. तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायला लावू नका. तो पंधरा दिवसांच्या वर चालत नाही आणि चालावा तरी का? तेल सगळ्यांचं कमी होऊ द्या, तुम्ही फक्त ताटातलं प्रमाण बदला. अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव ताटात वरण-उसळ, उरलेल्यात भाकरी.

पंगतीत “घ्या ना भो, एवढ्यानं काय होतं” हे तीनदा तरी ऐकावं लागतं. डायट शब्द उच्चारू नका, त्याने आग्रह वाढतो. ताटात टाकलेलं आपल्याकडे कोणाला आवडत नाही, तेव्हा सुरुवातीलाच थोडं घ्या आणि सावकाश जेवा. वाढपी परत येतो तेव्हा ताटात काहीतरी शिल्लक असलं की बचाव होतो. गोड एकदाच. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस जरूर खा, पण मग त्या ताटात भात-भजी नको, आणि आमरसात वरून साखर नको. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून फेडायचंही नाही, नेहमीचं जेवण.

चालणं

चालण्यावर फार भिस्त ठेवू नका, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना राग येतो. ९० किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर साधारण तीनशे कॅलरी जळतात. येताना स्टेशनजवळ कचोरी आणि गोड चहा घेतला की हिशेब बरोबरीत. तरीही चालायचंच, कारण साखर, रक्तदाब, झोप आणि पुढे वजन राखणं या सगळ्यांत त्याचा हात आहे.

पहिले दोन आठवडे जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. मग सलग वीस, महिन्याभरात तीस ते चाळीस, आठवड्याला पाच दिवस. आठवड्याला किमान १५० मिनिटं ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जळगावात मेहरूण तलावाचा काठ आहे. गावात असाल तर शिवाररस्ता. चपला घालून नको, साध्या का होईना बुटात चाला. गुडघे दुखत असतील तर सायकल.

मार्च ते जून सूर्य वर येण्याआधी परत घरात. पाणी, ताक, चिमूटभर मीठ. घामाने काट्यावर किलोभर कमी दिसतं ते पाणी प्यायलं की परत येतं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर आली की थांबून सावलीत जा. ही उष्माघाताची सुरुवात असू शकते. या काळात प्लास्टिकचा सूट घालून पळणाऱ्यांना काय म्हणावं कळत नाही.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा. जिम नसली तरी चालतं: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या दोन बादल्या उचलून अंगणात फेऱ्या, जिना. प्रत्येकी दहा, दोनदा; हळूहळू तिनदा.

शेतात राबणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला आणखी पाच किलोमीटर चालायला सांगणं हा शहाणपणा नाही. तिला झोप आणि प्रथिनं हवीत. ट्रॅक्टरवर बसून “शेतात असतो दिवसभर” म्हणणाऱ्याने मात्र चालावं.

चालायला काहीतरी निमित्त लागत असेल तर ध्येय किलोत ठेवू नका. पहिल्या हिवाळ्यात धुळ्याजवळचा लळिंग किल्ला न थांबता चढायचा. दुसऱ्या वर्षी चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणाऱ्या गावच्या मंडळींत सामील व्हायचं. पण त्याची तयारी उन्हात रोज लांब चालण्याची असते, तेव्हा आदल्या दिवाळीपासून अंतर वाढवत न्यावं.

काटा थांबला तर

दोन-तीन महिन्यांनी तो थांबतोच. तीन आठवडे सरासरी हलली नाही तरच काळजी करा. आधी वही काढा: पिठाची वाटी सपाट होती ती शिगोशीग झालेली असते, तेलाचा चमचा मोठा झालेला असतो. ते ठीक असेल तर कारण शरीरातच आहे. ९२ वरून ८२ वर आलेल्या माणसाचा रोजचा खर्च शे-दीडशे कॅलरीने कमी होतो, कारण हलवायला आणि पोसायला शरीरच लहान झालं. अर्धी भाकरी कमी करा किंवा वीस मिनिटं चालणं वाढवा, दोन्ही एकदम नको. वजन जागेवर आणि कंबर मात्र कमी होत असेल तर काहीच बदलू नका.

झटपट वजन उतरवणारी पावडर, काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली गोळी यांचा बाजार तालुक्याच्या गावापर्यंत पोचलाय. पुड्यावर काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ते पोटात जाऊ नये. वजन उतरवायची खरी औषधंही आहेत. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात.

७२ वर पोचलात की खाणं एकदम पूर्वीसारखं करू नका. दर आठवड्याला शंभर कॅलरी, म्हणजे अर्धी भाकरी, वाढवत जा आणि सरासरी जिथे स्थिर होईल तिथे थांबा. आठवड्यातून एकदा वजन करणं चालू ठेवा. ७४ च्या वर गेलं की वही पुन्हा उघडायची, आणि महिन्याच्या किराण्यात तेल किती आलं ते आधी बघायचं.